बिननावाचं भांडं

पॉपॉ फोर्क, केंटकी
११ फेब्रुवारी १९७९

आर्डिथ,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. राग आला तर येऊ दे.

काल मेव्हिसच्या पार्लरमध्ये केसांना रोलर लावून बसले होते. रेडिओ चालू होता. निवेदक म्हणाला, आता आपल्याच डोंगरातल्या पोरीचं नवं गाणं. मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. माझी बहीण आहे, ऐका म्हटलं. आणि मग तुझा आवाज आला:

पास्टर आला, हॅम आलं, केळ्यांचं पुडिंग सात,
एका भांड्याला नावच नाही, कुणाचा गं हा हात?
शेंदरी केसांची विधवा एक, दारामागून बघे,
बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा कळलं सगळ्यांना गे!

मेव्हिस हसली. ड्रायरखाली बसलेल्या दोघी हसल्या. मग एकेकीच्या लक्षात येत गेलं आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी रोलर तसेच ठेवून बाहेर पडले. गाडीत बसून रडायला हवं होतं, पण रडू आलं नाही. तशीच गाडी चालवत घरी आले.

शेंदरी केसांची विधवा आपल्या खोऱ्यात एकच आहे, आर्डी. आईच्या अंत्यविधीच्या दिवशी आयसी मावशी दोन भांडी घेऊन मागच्या दाराने आली, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. बीन्सच्या भांड्याखाली, परत न्यायला सोपं जावं म्हणून सगळ्याच लावतात तशी पट्टी होती, तिचं नाव होतं. दुसऱ्याखाली नव्हती. दुसरं तिने नंतर मागितलंही नाही. एवढ्याशा गोष्टीवर तू आईच्या मैत्रिणीला आणि आपल्या बाबांना एका पलंगावर नेऊन बसवलंस. तेही आईला पुरलं त्या दिवशी.

आज चर्चमधून बाहेर पडताना शेजारचा बर्ल मोठ्याने म्हणाला, “आयसी, तुझं एक भांडं न्यायचं राहिलंय म्हणे?” पुरुष खिदळले. तिने हातमोजे घातले आणि चालत घरी गेली. दर रविवारी तिला गाडीतून सोडणारे बाबा तिच्या मागे हात हलवत उभे. त्यांना ऐकूच येत नाही, त्यांना काय कळणार? मला विचारत होते, “आयसीला काय झालं? मी काही बोललो का?”

हे गाणं बंद कर. कसं ते तुझं तू बघ.

ओनायडा


नॅशव्हिल
२० फेब्रुवारी

प्रिय ओनायडा,

मी ‘प्रिय’ लिहिते, कारण माझे केस जागेवर आहेत. तू तशीच रोलर लावून गाडी चालवत गेलीस, हे डोळ्यांसमोर आणून मी फार हसले. यावरही गाणं होईल. (नाही करणार. शपथ.)

अगं, ते गाणं आहे. ‘विधवा’ आली कारण ती चालीत बसत होती. शेंदरी केस आले कारण करडे केस कुणाला दिसत नाहीत. आयसी मावशीचं नाव कुठे आहे त्यात? बर्लच्या तोंडाला मी कुलूप घालू? तो आजोबांच्या अंत्यविधीतही खिदळत होता.

आणि आता तूच विषय काढलास म्हणून सांगते. हे गाणं मी हसत हसत लिहिलेलं नाही. त्या दिवशी तू वाढत होतीस, तुझं लक्ष नव्हतं. मी बाबांच्या समोर बसले होते. माझ्या ताटात काय होतं ते आठवत नाही, एक घास गेला नाही. आईला कबरीत सोडून तास झाला नव्हता. आणि हा माणूस त्या पांढऱ्या भांड्यातून कोंबडीच्या रश्श्यातली कणकेची डम्पलिंग खात होता. सावकाश. हनुवटीवरून रस्सा ओघळत होता. संपल्यावर उठला आणि पुन्हा वाढून घेतलं. कुणाच्या नजरेला नजर देईना. कान लाल झाले होते. आयसी मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती, आणि त्याने मान वर करून तिला हलकेच होकार दिला. मी पाहिलं ते. मला त्याची इतकी किळस आली की मी मागे जाऊन ओकले.

हे सगळं कित्येक महिने पोटात घेऊन फिरले. मग एका रात्री त्याला चाल लागली, आणि चाल गमतीशीर निघाली. मी काय करू? माझं असंच होतं. रडायचं म्हणून बसते आणि लोक हसतात असं काहीतरी निघतं.

अल्बम एप्रिलमध्ये येतोय. नावही तेच, ‘बिननावाचं भांडं’. कव्हरवर मी आहे, हातात ते भांडं, उलटं धरलेलं, खाली पट्टी नाही हे दाखवत. कुणी न्यायला आलं नाही म्हणून मीच आणलं होतं ना, ते. कार्यक्रमातही नेते. शेवटच्या कडव्याला उलटं केलं की लोक टाळ्यांनी छप्पर उडवतात.

रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आईच्या हातांवरचं गाणं आहे. ते तू ऐक. ते सुरू झालं की लोक बीअर आणायला उठतात. समोरच्या टेबलावरचा टोपीवाला माझ्या तोंडावर जांभई देतो. मग कुणीतरी ओरडतं, “भांडं दाखव, भांडं!” कधीकधी मला त्यांचीही किळस येते. पण तेच गाणं ऐकायला ते येतात.

तुझी,
आर्डी


पॉपॉ फोर्क
१९ मार्च

आर्डिथ,

तू जे पाहिलंस म्हणतेस त्यावर मला काही बोलायचं नाही. मी पाहिलं नाही. पण पाहिलं असतं तरी बापाचं ओघळणारं तोंड मी बीअर पिणाऱ्यांना दाखवलं नसतं.

दोन आठवड्यांपूर्वी चर्चमध्ये पाय धुण्याचा रविवार होता, येशूने शिष्यांचे धुतले तसे. तुला आठवत असेल. बायका एका बाजूला, टॉवेल कमरेला, पत्र्याची घमेली. आयसी मावशी आणि आई एकमेकींचे पाय धुवायच्या. लग्नाआधीपासून. आई गेल्यावर मागच्या वर्षी मी तिचे धुतले.

या वेळी मला शाळेच्या स्वयंपाकघरातून सुटायला उशीर झाला. रविवारीसुद्धा त्यांनी भांडार मोजायला बोलावलं होतं. मी पोचले तेव्हा सगळ्यांचं होत आलं होतं. मावशी बाकावर बसली होती, मोजे काढून, पाय उघडे. कुणीही तिच्यासमोर घमेलं घेऊन आलं नव्हतं. मेव्हिस दोन हातांच्या अंतरावर बसून टॉवेलच्या घड्या घालत होती. ज्या बायकांच्या बाळंतपणात मावशी रात्र रात्र जागली, त्या घड्या घालत होत्या. मी धावत गेले तोवर तिने मोजे चढवले होते. म्हणाली, “राहू दे गं, पाणी गार झालं.”

त्यानंतर ती चर्चला आलेली नाही.

देवाच्या घरात एवढी किळस मला कधी आली नव्हती. त्या बायकांची आलीच. पण ते घमेलं तुझ्या गाण्याने रिकामं ठेवलं होतं, हे लक्षात ठेव.

डेकोरेशनचा रविवार, कबरींवर फुलं वाहून तिथेच जेवायचा, मेच्या शेवटी आहे. मागच्या वर्षी आईची कबर साफ करायला मावशी आली होती, दोघींनी मिळून आम्ही गवत काढलं. या वर्षी ती येणार नाही म्हणाली. “लोक जेवायला बसतील, आणि माझ्या ताटाकडे बघतील,” म्हणाली. आईच्या कबरीवर तिने यायचं की नाही, हे आता रेडिओ ठरवणार का?

ओनायडा


नॅशव्हिल
१४ एप्रिल

ओनायडा,

घाईत आहे. सोबत रेकॉर्ड पाठवतेय, बाबांसाठी. ऐकू येणार नाही, पण फोटो बघतील. निदान पोरीचं तोंड कव्हरवर आलं म्हणून खूश होतील.

पायांचं वाचून वाईट वाटलं. खरंच. मावशीला मी एक कार्ड टाकलंय, फुलांचं. काय लिहावं सुचलं नाही, म्हणून नुसती सही केली.

गाणं आता माझ्या हातात नाही गं. कंपनीच्या हातात आहे. ते वर चढतंय. महिन्याच्या शेवटी नॉक्सव्हिलला कार्यक्रम आहे.

आर्डी


पॉपॉ फोर्क
२२ एप्रिल

आर्डी,

हे पत्र बसून वाच.

काल तुझं पार्सल आलं. बाबा टेबलापाशी होते. मी पुठ्ठा फाडला आणि रेकॉर्ड त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा लावला, कव्हर खिडकीकडे नेलं. मला वाटलं, म्हणतील बारीक झाली पोरगी.

म्हणाले, “हिच्या हातात तुझ्या आईचं भांडं कशाला?”

मी त्यांच्या कानाशी ओरडले, “आईचं नाही! त्या दिवशी कुणीतरी आणलेलं!”

“ओरडतेस काय? कुणीतरी नाही. मीच तिला हॅझर्डला घेऊन गेलो होतो. दुकानात सामानावर मिळणारे स्टॅम्प वर्षभर वहीत चिकटवले होते तिने. ते देऊन हे आणलं. मी म्हटलं, पांढरं कशाला, डाग पडतील. म्हणाली, एकदाच वापरायचंय.”

मी खाली बसले.

“बाबा, मग खाली पट्टी का नव्हती?”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी बावळटच आहे. “घरच्या भांड्याला कुणी पट्टी लावतं का?”

मग सगळं बाहेर आलं, तुकड्या-तुकड्याने. आईला ते सप्टेंबरातच कळलं होतं की ख्रिसमस दिसणार नाही. एक दिवस तिला बरं वाटत होतं. तू नॅशव्हिलला होतीस, मी शाळेत. तिने कोंबडी मारायला लावली बाबांना, आणि डम्पलिंग केली. बाबांना म्हणाली, “मेव्हिसचं ते खारट हॅम खाऊन माझ्या पोरी मला निरोप देतील? जमायचं नाही.” आपल्या फ्रीझरमध्ये ठेवलं असतं तर मला दिसलं असतं. म्हणून भांडं मावशीच्या मागच्या पडवीतल्या डीप फ्रीझरमध्ये गेलं. आणि आईने दोघांकडून वचन घेतलं. पोरींना सांगायचं नाही. माहीत झालं तर त्यांच्या घशाखाली घास उतरणार नाही.

त्या दिवशी बाबा आईच्या हातचं शेवटचं जेवत होते, आर्डी. मिऱ्यांवरून पहिल्याच घासाला ओळखलं म्हणाले. सावकाश खात होते, कारण संपलं की संपलं. आणि मावशी दारात उभी होती ती एवढंच विचारत होती: नीट गरम झालंय ना? त्यांनी मान हलवली.

आपल्यासाठी केलं होतं तिने ते. तू ओकायला गेलीस आणि मी वाढत राहिले. आपण दोघींनी ते चाखलंही नाही. उरलेलं बर्लने पावाने पुसून खाल्लं.

मी तशीच मावशीकडे गेले. ती ओसरीत कांद्याचे वाफे करायची खुरपी पुसत बसली होती. म्हटलं, “मावशी, तू का नाही बोललीस? एवढं सगळं झालं, एका वाक्यात संपलं असतं!”

“वेर्डाला शब्द दिला होता.”

“पण आई तर गेली!”

“म्हणून तर,” ती म्हणाली. “जिवंत असती तर जाऊन म्हटलं असतं, बाई, मला यातून सोडव. आता कुणाला विचारू?”

तुझं फुलांचं कार्ड तिच्या खिडकीत होतं. म्हणाली, “सही सुरेख करते हं तुझी बहीण.”

बाबांना मी गाण्याचं अजून सांगितलेलं नाही. कानाशी ओरडून सांगायचं म्हणजे सगळ्या खोऱ्याला पुन्हा ऐकू जाईल.

ओनायडा


नॉक्सव्हिल, मग नॅशव्हिल
६ मे

ओनायडा,

तुझं पत्र आल्यापासून मी भांड्याला हात लावू शकत नव्हते. ते गिटारच्या पेटीशेजारी पडून होतं, आत बॅटरीचे सेल आणि कुणाच्या तरी सिगारेटची राख. राख, ओनायडा. आणि मी ते लोकांसमोर रोज उलटं करत होते. बघा, नाव नाही. बघा बघा, कुणाचंच नाही.

धुतलं. पुन्हा धुतलं. हात धुतले. आंघोळ केली. जात नाही.

मिस्टर प्रूइटकडे गेले. आमच्या कंपनीचे. म्हटलं, गाणं काढून घ्या. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय, कारण मी नेहमी तेच करते. मग सगळं खरं सांगितलं. आईचं, मिऱ्यांचं, वचनाचं. ऐकताना त्यांचे डोळे भरून आले. रुमाल काढला. मला वाटलं, जमलं. नाक शिंकरून म्हणाले, “अप्रतिम! हे दुसऱ्या अल्बमसाठी ठेव.”

मी उठले. टेबलावरच्या तबकातली एक पेपरमिंट उचलली आणि बाहेर आले. ती मी का उचलली, हे मला अजून कळलेलं नाही.

नॉक्सव्हिलला मी गाणं म्हटलं, पण शेवटचं कडवं बदललं:

घरच्या भांड्याला पट्टी कशाला, घरचं घरात राही,
आईनं आपलं जेवण रांधलं, लेकींनी खाल्लं नाही.

हसायला तयार बसलेली माणसं पाहिलीस कधी? तोंडं अर्धी उघडी. तशीच राहिली. मग मागून शिट्टी आली. “ए, भांडं उलटं कर! भांडं कुठाय?” दुसऱ्याने ठेका धरला, आणि सगळेच टेबलं बडवायला लागले, भांडं, भांडं. मी बॅन्जोवाल्याकडे पाहिलं. त्याने जुनी चाल वाजवायला घेतली. बिचाऱ्याला वाटलं तो मला वाचवतोय. मी उतरून निघून आले.

मला त्यांची किळस यायला हवी ना? येतेही. पण त्यांना भांडं बघायची सवय कुणी लावली? बाबांच्या हनुवटीवरचा रस्सा कुणी दाखवला? तो रस्सा नव्हता, हे मला आत्ता, हे लिहिताना कळतंय. माझा बाप जेवताना रडत होता, आणि मी त्याच्यावर यमक जुळवलं.

मी ते पुन्हा गाणार नाही. प्रूइट काय करायचं ते करोत. पण रेडिओवर ते वाजतच राहील. दुकानात रेकॉर्ड पडल्या आहेत, माझ्या दात विचकलेल्या तोंडासकट. ते मला परत घेता येत नाही.

डेकोरेशनला यावं का? मला कबरीशी उभं राहू देतील का हा प्रश्न नाही, मावशीच्या जागी मी उभी राहिलेली मलाच बघवणार नाही. तू म्हणशील तसं करते.

आर्डी


पॉपॉ फोर्क
१२ मे

आर्डी,

ये. भांडं घेऊन ये, मावशीसाठी.

रिकामं आणू नकोस. कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे तरी विसरली नसशील. विकतचं काही चालणार नाही. कणीक पातळ लाट, टेबलाचं लाकूड दिसेल इतकी. पट्ट्या काप, गोळे करू नकोस, गोळे मेव्हिस करते. रस्सा उकळता हवा. आणि मिरी तुला वाटेल त्याच्या दुप्पट.

बाबांना मी सांगितलं. शेताच्या टोकाला नेऊन, तिथे ओरडले. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग बराच वेळ कुंपणाची तार ताणत राहिले. म्हणाले, “आयसीचे पाय धुवायला कुणीच आलं नाही?” तुझ्याबद्दल काही बोलले नाहीत. मी विचारलं नाही.

गेल्या रविवारी ते चर्चमध्ये उभे राहिले. आपल्याला माहीत आहे ते चारचौघांत कधी बोलत नाहीत. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे फारच मोठ्याने बोलले. “ते भांडं माझ्या बायकोचं होतं. जेवण तिचं होतं. बर्ल, तू ते पावाने पुसून खाल्लंस.” एवढंच. आणि खाली बसले. बर्लचा चेहरा पाहून मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. मेव्हिस दोन दिवसांत मावशीकडे केक घेऊन गेली. मावशीने घेतला, आणि बशी धुऊन, त्यात अंडी घालून, उभ्या उभ्या परत केली. घरात घेतलं नाही तिला.

ओनायडा


पॉपॉ फोर्क
४ जून

आर्डिथ,

मला पत्र लिहायची सवय नाही. ओनायडाकडून तुझा पत्ता घेतला.

डेकोरेशनला मी सकाळीच, कुणी यायच्या आधी वेर्डाचं गवत काढून आले. जेवणाला थांबले नाही. ते मला अजून जमणार नाही. त्या बायकांना माफ करायची मला घाई नाही.

घरी आले तर ओसरीत भांडं, वर फडकं बांधलेलं. तुझी गाडी वळणावरून खाली जाताना दिसली. हजार माणसांसमोर गिटार घेऊन उभी राहतेस, आणि माझं दार वाजवायला हात उचलेना? मी काय चावले असते? कदाचित चावले असते.

तुझ्या बापाला, हॉबर्टला, हाक मारायला गेले, मग आठवलं त्याला ऐकू येत नाही, म्हणून जाऊन बाही धरून आणलं. उघड्या ओसरीत बसून जेवलो, रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असं. डम्पलिंग जाड झालीत. लाटायला कंटाळलीस, ते कळतं. मिरी मात्र बरोबर आहे. त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

काल पुन्हा ते गाणं लागलं होतं, दुकानात. मी साखर तिथेच ठेवून निघून आले. ते कधी थांबेल असं वाटत नाही. तू वाईट पोरगी नाहीस, पण तू केलंस ते घाण होतं, आणि ते तसंच राहणार. हे मी तुला कार्डावर नुसती सही करून कळवू शकले नसते.

भांडं घासताना उलटं केलं. खाली तू पट्टी लावली होतीस. वेर्डाचं नाव, छान अक्षरात. ती पट्टी मी काढून टाकली. तुझ्या आईचं भांडं माझ्या घरात कधी पट्टी लावून आलेलं नाही.

ते मी पोस्टाने पाठवणार नाही. रिकामंही देणार नाही. ज्या दिवशी येशील त्या दिवशी भरेन. आणि दार वाजव.

आयसी